सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतंच: फायब्रोमायल्जियाबद्दल बोलूया

कृष्णाकाठ

लिहू की नको करत बरेच दिवस गेले. गेल्या आठवड्यात आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्हाला जे झालंय ना, तसंच मला होतंय बहुतेक. घरी सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही." म्हणून आज बसलेच लिहायला.

मी ४४ वर्षांची. वाईजवळ प्राथमिक शाळेत शिकवते. साडेतीन वर्षांपूर्वी मानेपासून सुरुवात झाली. मग खांदे, मग कंबर, मांड्या, आणि शेवटी कुठे दुखत नाही तेच शोधायची वेळ आली. फ्लूच्या तापात अंग मोडून येतं ना, तसं. फक्त ताप नाही, आणि तो चार दिवसांनी उतरतो तसं हे उतरत नाही. सकाळी उठावं तर रात्रभर कुणीतरी बडवून काढल्यासारखं अंग. आठ तास अंथरुणात काढूनही झोप झालीच नाही असं वाटायचं.

डॉक्टर किती केले? हाडांचे दोन. मानेचा एमआरआय झाला, त्यात मणक्यांची थोडी झीज निघाली, गळ्यात पट्टा आला. ड जीवनसत्त्व ११ होतं, ते भरून काढलं. बी-१२ची इंजेक्शनं घेतली. त्याने थकवा थोडा कमी झाला, दुखणं तसंच. मग एकेक करून सगळे रिपोर्ट नॉर्मल यायला लागले आणि माझी पंचाईत झाली. आजारी माणसाच्या हातात एक तरी लाल अक्षरातला आकडा लागतो. तो नसला की घरचे गप्प होतात आणि डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका."

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. बीपी बघताना दंडाला पट्टा गुंडाळतात, तो फुगायला लागला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. सिस्टर म्हणायच्या, "मॅडम, हे काय इंजेक्शन आहे का?" मलाही वाटायचं, आपणच नाजूक झालोय. शेवटी एका मैत्रिणीने पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी फाइल बाजूला ठेवून आधी माझं ऐकलं आणि मग विचारलं, "बीपीचा पट्टा दुखतो का हो?" मी तिथेच रडले. असं दुखणं दुसऱ्या कुणाला होत असल्याशिवाय त्यांना ते विचारायचं सुचलंच नसतं.

त्यांनी एक फॉर्म दिला. शरीराचे १९ भाग, गेल्या आठवड्यात जिथे दुखलं तिथे खूण करायची. माझ्या १३ खुणा झाल्या. पुढे थकवा, झोप, विसरभोळेपणा अशा गोष्टींना १२ पैकी गुण, ते ९ आले. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ हे चाललेलं होतंच. हातपाय, सांधे नीट तपासले, सूज कुठेच नव्हती. म्हणाले, हा फायब्रोमायल्जिया.

मला ते असं समजलं: पंधरा ऑगस्टला आम्ही शाळेत माइक लावतो. माइक स्पीकरच्या फार जवळ गेला की नुसता श्वाससुद्धा कानठळ्या बसवणारी शिट्टी होऊन बाहेर येतो. बोलणाऱ्याचा घसा बिघडलेला नसतो, पण शिट्टी खोटी असते का? सगळ्या मैदानाला ती ऐकू येते. माझ्या नसा आणि मेंदूमध्ये तसं झालंय. स्नायू धड आहेत, सांधे धड आहेत, आणि दुखतंय ते शंभर टक्के खरं आहे.

औषध रात्री एकच, कमी डोसचं. त्याने झोप सुधारली. पण माझ्यात सर्वात जास्त फरक पडला तो कामाची पद्धत बदलल्याने. आधी बरं वाटलं की मी त्या दिवशी सगळं उरकून घ्यायची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या रविवारी एका दमात माळा साफ केला, चकल्यांची भाजणी केली, आणि सोमवार ते गुरुवार शाळेत जाऊ शकले नाही. आता चांगला दिवस असला तरी ठरलं आहे तेवढंच. वाईट दिवस असला तरी त्यातलं थोडं तरी. हे लिहायला सोपं आहे. चांगल्या दिवशी हात आवरायला मला वर्ष लागलं.

ज्यांना हा त्रास आहे, ज्यांच्या घरात आहे, त्यांनी कृपया लिहा.

रानजाई

ताई, बीपीच्या पट्ट्याचं वाचून अंगावर काटा आला. मला वाटत होतं मी एकटीच.

मी २९, ठाण्याहून सीएसएमटीला रोज लोकलने. गर्दीत कुणाचं कोपर लागलं की ती जागा संध्याकाळपर्यंत ठणकते. पण माझा मोठा त्रास दुखण्याचा नाही, डोक्यातल्या धुक्याचा आहे. मीटिंगमध्ये बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. एकदा "चाळणी" आठवेना म्हणून आईला हाताने हलवून दाखवलं. आई हसली, मी घाबरले. इतक्या लहान वयात विसरायला लागलं तर पुढे काय?

नोकरीचंही विचारायचं आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का यासाठी?

गावडॉक्टर

मी कोकणात जनरल प्रॅक्टिस करतो. संधिवाततज्ज्ञ नाही, पण असे पेशंट नेहमी येतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही काहींना "काही नाही झालेलं" म्हणून परत पाठवलंय, त्याचं वाईट वाटतं.

रानजाई, धुकं हा याच आजाराचा भाग आहे. ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात नव्हे. झोप सुधारली की ते बऱ्याच जणांचं विरळ होतं. प्रमाणपत्राचं: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात फायब्रोमायल्जियाचं नाव नाही. म्हणून प्रमाणपत्रामागे धावण्यापेक्षा डॉक्टरांचं साधं पत्र घ्या आणि ऑफिसकडे नेमकं मागा: गर्दीची वेळ टाळून यायची मुभा, तासातासाने उठायची परवानगी.

आजार नवा नाही. १९०४ साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी "फायब्रोसायटिस" हा शब्द वापरला, कारण तंतूंना सूज असावी असा समज होता. सूज काही सापडली नाही, म्हणून १९७०च्या दशकात फायब्रोमायल्जिया हे नाव आलं. १९९०च्या अमेरिकन निकषांत १८ ठरावीक जागा अंगठ्याने दाबून ११ दुखल्या तर निदान, असं होतं. पुष्कळ डॉक्टर अजून तेच करतात. कृष्णाकाठ यांना दिलेला फॉर्म २०१०च्या निकषांचा, त्यात जागा दाबून बघायची गरज नाही. २०१६च्या सुधारणेने आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: दुसरा आजार असला तरी हा सोबत असू शकतो. आमवात असलेल्या बाईला हाही असतो, आणि मग सूज उतरूनही दुखणं का राहतं म्हणून डॉक्टर आमवाताची औषधं वाढवत बसतात.

झोपेचा संबंध किती जवळचा आहे बघा. टोरंटोमध्ये मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली धडधाकट तरुणांची फक्त गाढ झोप काही रात्री मोडली. पूर्ण जागं केलं नाही, नुसती गाढ झोप लागू दिली नाही. त्या मुलांची अंगं दुखायला लागली.

पण इंटरनेटवर वाचून स्वतःवर हा शिक्का मारू नका. हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (शरीरात दाह आहे का ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), थायरॉइड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते दाखवणारी) एवढं एकदा व्हायला हवं. आपल्याकडे ड जीवनसत्त्व फार कमी झालं की हाडं मऊ पडतात आणि हुबेहूब असंच दुखतं, ते भरून निघतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. सांध्यांना दिसणारी सूज, ताप, वजन घटणं, अंगावर चट्टे, हातापायातली खरी ताकद जाणं, यातलं काही असेल तर शोध दुसरीकडे घ्यायचा. आणि तपासण्या एकदा नीट झाल्या की पुन्हा पुन्हा करू नका. प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट माणसाला थोडा आणखी एकटा करतो, हे मी समोर बसून पाहिलंय.

घरधनी

मला स्वतःला नाही, बायकोला आहे. नाशिकला असतो. सहा वर्षं झाली.

मी तिला रोज म्हणायचो, "ऊठ, जरा चाल, बरं वाटेल." चूक काही म्हणत नव्हतो, पण ज्या आवाजात म्हणायचो तो आवाज चुकीचा होता. एकदा स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी होती, मी सहज पाठीवर हात ठेवला. ती एकदम आक्रसली. माझ्या हाताने दुखलं तिला. तोपर्यंत मला वाटायचं ती माझ्यावर रागावून दूर सरकते. एवढ्या वर्षांचा गैरसमज त्या एका क्षणात फिटला.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. कणीक मी मळतो. कुकरचं झाकण, पाण्याचे हंडे, ओले कपडे पिळणं, ही मनगटाची कामं माझी आणि मुलाची. भाजी ती बसून चिरते. संध्याकाळी घरी आलो की "कसं वाटतंय?" विचारणं बंद केलं, कारण रोज तेच उत्तर देऊन तिचाच जीव मेटाकुटीला यायचा. आता विचारतो, "आज माझ्याकडे काय काय?" ती दोन कामं सांगते, मी ती करतो.

लग्नकार्यात मात्र अजून त्रास होतो. "दिसायला तर छान दिसतेय" हे वाक्य प्रत्येक नातेवाईक म्हणतो. त्यावर काय उत्तर द्यायचं, कुणाला सुचलंय का?

कडुनिंब

माझ्या मावशीला पंचकर्माने आणि रोजच्या तेलाने खूप आराम पडला. वाताचा प्रकोप आहे हा. ॲलोपथीत याला उत्तर नाही असं मला वाटतं. एकजण पुड्या देतात, दोन दिवसांत फरक पडतो म्हणे. तिकडेही जाऊन बघा.

कृष्णाकाठ

कडुनिंब, मावशींना बरं वाटलं हे वाचून खरंच आनंद झाला. कोमट तेलाचा हलका हात मलाही बरा वाटतो, झोपही छान लागते. रगडून मालिश मात्र दोन दिवस भोवतं.

पुड्यांबद्दल हात जोडून सांगते, नको. मी घेतल्यात. दुसऱ्या दिवशी खरंच पळायला लागले, भूक वाढली, दोन महिन्यांत चेहरा गोल झाला. साखर तपासली तर वाढलेली. पुण्यातल्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच ओळखलं, त्यात स्टेरॉइड असणार.

गावडॉक्टर

याला पूर्ण दुजोरा. फायब्रोमायल्जियात सूज नसते, म्हणून स्टेरॉइडचा या आजारावर उपयोग नाही. कुणी अशा पुड्या बरेच दिवस घेत असेल तर हे वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवतील. ओरडणारा डॉक्टर भेटला तर दुसरा बघा, पण जा.

सांगलीकर_लेक

आईसाठी विचारते आहे. वय ६८. दोन महिन्यांपासून दोन्ही खांदे आणि मांड्या इतक्या आखडतात की सकाळी अंथरुणातून उठवावं लागतं. वेणी घालायला हात वर जात नाहीत. अकरा वाजेपर्यंत जरा मोकळं होतं. इथल्या एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितलं आणि डिप्रेशनची गोळी दिली. आई म्हणते, "मला वेड लागलंय का?" गोळी घेत नाहीये. धागा वाचून तिला काय समजावू?

गावडॉक्टर

ताई, गोळीचं समजावणं नंतर. आईचा ईएसआर आणि सीआरपी केलाय का? नसेल तर उद्याच करा.

पन्नाशीनंतर, काही आठवड्यांतच, दोन्ही खांदे आणि कमरेभोवतीचा भाग असा सकाळी तासन्‌तास आखडत असेल तर पॉलिमायल्जिया रुमॅटिका नावाचा वेगळाच आजार असू शकतो. नावं सारखी वाटतात, पण त्यात खरा दाह असतो आणि हे दोन्ही आकडे बहुतेक वेळा वाढलेले येतात. कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजरेत काही फरक असेल तर रिपोर्टचीही वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. नजर जाऊ शकते, म्हणून इतकं निक्षून सांगतोय.

मु_पो_लेस्टर

इंग्लंडमधून लिहितोय, मला निदान होऊन चार वर्षं झाली. "डिप्रेशनची गोळी" या विषयावर माझंही डोकं फिरलं होतं, म्हणून जे समजलं ते मांडतो.

दुखण्याचा निरोप मणक्यातून वर मेंदूकडे जातो, तसा मेंदूकडूनही खाली निरोप येतो: पुरे, आवर. हा आवरण्याचा निरोप पोचवायला सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनालिन लागतं. या आजारात ती आवरणारी यंत्रणा दुबळी असते. ड्युलोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन तिथे मदत करतात. मला अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅम दिली. नैराश्यासाठी तिचा डोस याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा गोळीचं नाव तेच असलं तरी काम वेगळं. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी सुस्ती राहते, म्हणून मी ती झोपायच्या दोन तास आधी घेतो.

औषधांबद्दल देशादेशांत एकमत नाही, हे माहीत असलेलं बरं. अमेरिकेत प्रेगाबॅलिन २००७, ड्युलोक्सेटिन २००८ आणि मिल्नासिप्रान २००९ साली या आजारासाठी मान्य झाली. युरोपच्या नियामकाने तिन्हींना मान्यता दिली नाही. इथे २०२१मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की अशा दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या, अफूजन्य औषधं आणि प्रेगाबॅलिन नव्याने सुरूच करू नका. व्यायाम, बोलण्यावर आधारित उपचार आणि काही नैराश्यविरोधी औषधं यांना त्यांनी जागा दिली आहे. माझं मत: गोळीने दुखणं पूर्ण जाईल अशी आशा धरली की पदरी निराशा येते. झोप लागावी आणि चालायला निघता यावं एवढं गोळीने केलं तरी तिने तिचं काम केलं. सुरू असलेली गोळी मनाने सोडू मात्र नका, ड्युलोक्सेटिन मी एकदा अशीच सोडली आणि आठवडाभर गरगरत होतो.

दवबिंदू

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून व्यायामावर लिहिते. २०१६च्या युरोपीय शिफारशींमध्ये "नक्की करा" असा ठाम शेरा एकाच उपायाला मिळाला होता, व्यायामाला. पण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने व्यायाम करून बघून सोडलेला असतो. कारण पहिल्याच दिवशी पाऊण तास चालणं, किंवा सूर्यनमस्काराचा संकल्प. दुसऱ्या दिवशी अंग असं धरतं की पुन्हा हिंमत होत नाही.

माझी पद्धत अशी. अगदी वाईट दिवशीसुद्धा तुम्ही किती चालू शकाल? पाच मिनिटं? मग दोन आठवडे रोज पाचच मिनिटं, घड्याळ लावून, सपाट रस्त्यावर. बरं वाटतंय म्हणून सहावं मिनिट नाही. मग आठवड्याला अर्धा-एक मिनिट वाढवायचं. या गतीने वीस मिनिटांवर यायला चार ते सात महिने लागतात आणि ते ठीक आहे. व्यायामानंतर थोडं दुखणार, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं तर डोस बरोबर. तीन दिवस राहिलं तर जास्त झालं, एक पायरी खाली या. ताकदीचे व्यायामही लागतात, अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन सुरुवात करा. खुर्चीवरून उठणं-बसणं हा फार चांगला व्यायाम आहे, पाच वेळा पुरे.

ताई ची या चिनी संथ व्यायामाचा या आजारावर चांगला अभ्यास झालाय. ते शिकवणारं गावात कुणी नसेल, पण योगासनं श्वासाच्या लयीत, न ताणता केली तर बऱ्याच जणींना मानवतात. "न ताणता" हे महत्त्वाचं. वर्गातल्या शेजारणीचे हात पायाच्या अंगठ्याला लागतात म्हणून आपले लावायचे नाहीत.

रानजाई

दवबिंदू, तुमच्या म्हणण्याप्रमाणे नऊ दिवस झाले, पाच मिनिटं. सोसायटीच्या आवारातच. इतकं कमी करतेय याची लाज वाटते खरं तर, पण नऊ दिवस सलग मी याआधी काहीच केलेलं नाही. ऑफिसने साडेदहाची वेळ दिली.

घरधनी दादा, त्या वाक्यावर माझी आई आता सरळ सांगते, "हो, दिसते छान. आत्ता बसायला खुर्ची द्या तिला."

सांगलीकर_लेक

धाग्यावर यायला तीन आठवडे लागले. आईचा ईएसआर ८८ आला. संधिवाततज्ज्ञांकडे नेलं, पॉलिमायल्जियाच निघाला. कमी डोसचं स्टेरॉइड सुरू केलं आणि चौथ्या दिवशी सकाळी आई स्वतः उठून चहा ठेवत होती. नियमित तपासणी करत महिनोन्‌महिने हळूहळू कमी करायचं आहे, साखर आणि हाडं सांभाळायची आहेत, हे सगळं नीट समजावलंय. गावडॉक्टर, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

कृष्णाकाठ

सांगलीकर, तुमचं वाचून दिवस चांगला गेला. आईंना नमस्कार सांगा.

दोघीतिघींनी निरोपातून विचारलंय की शाळेत मी नेमकं कसं करते. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर गेला की पाच मिनिटांत पेटतो. म्हणून फळ्याचा वरचा अर्धा भाग मी मुलांना दिला आहे. मी खाली लिहिते, उंच मुलं वरती सुविचार आणि तारीख लिहितात, चौथीत त्यासाठी पाळ्या लागल्यात. बाकाजवळ एक उंच स्टूल ठेवलंय, अर्धं टेकून, अर्धं उभं राहून शिकवता येतं. वह्या एकदम चाळीस घरी आणत नाही, रोज दहा, शाळेतच. सकाळी उठल्यावर आधी गरम पाण्याची आंघोळ, मगच बाकी काही, त्याने सांधे नाही पण स्नायू सुटतात. दुपारचा चहा दोननंतर बंद केला, झोपेसाठी. तो सोडणं सगळ्यात जड गेलं.

दुखणं गेलं का? नाही. दहापैकी सात-आठ असायचं, आता बहुतेक दिवस चार असतं, पावसाळ्यात पाच. परीक्षेच्या दिवसांत पुन्हा सात होतं, मग मी पायरी खाली येते.

ज्या बाईंमुळे हा धागा काढला, त्यांची पुण्याची वेळ येत्या शनिवारी आहे. मी सोबत जातेय. त्यांना सांगून ठेवलंय, बीपी घेताना दुखलं तर तसं मोठ्याने सांगा.